शिक्का संग्रहालयाचा, कात्री मोझेस विल्यम्सची

कागदातून कापलेली सिल्हूट, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याची काळी छायाकृती दाखवणारी व्यक्तिचित्रे अठराव्या शतकात युरोपात रुजली. तैलचित्र न परवडणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात त्यांची खरी लाट आली ती १८०२ च्या अखेरीस एका खासगी संग्रहालयात चेहऱ्याची कड गिरवणारे यंत्र बसले तेव्हा.

यंत्राची पट्टी चेहऱ्यावरून फिरवली की घडी घातलेल्या कागदावर तीच रेघ लहान होऊन उमटे. पुढचे काम कात्रीचे. दुहेरी घडीमुळे एका कापणीत चार प्रती निघत. मधला चेहरा गळून पडे आणि उरलेला पांढरा कागद काळ्या कागदावर ठेवला की चित्र तयार. कापण्याचे आठ सेंट पडत. १८०३ या एका वर्षात ८,८८० चेहरे कापले गेल्याचे संग्रहालयाच्या मालकाने लिहून ठेवले आहे.

कात्री चालवणारा होता मोझेस विल्यम्स. त्याचे आईवडील याच मालकाचे गुलाम होते आणि तोही त्याच घरात गुलाम म्हणून वाढला. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तो बांधील होता, मात्र त्याआधीच त्याला मोकळे करण्यात आले. पुढे कात्रीच्या कमाईतून त्याने घर घेतले.

कागदावर उठवलेला शिक्का मात्र संग्रहालयाचा. म्हणून पुढच्या सूच्यांत श्रेय मालकाच्या घराण्याकडे गेले. खरा वाद आहे तो खुद्द विल्यम्सचा चेहरा दाखवणाऱ्या चित्रावर. जुन्या नोंदीत ते मालकाच्या मुलाच्या नावावर आहे. २००५ मध्ये एका कलाइतिहासकार स्त्रीने ते विल्यम्सनेच कापले असावे, अशी मांडणी केली. कात्री यंत्राच्या रेघेवरून जिथे हटली आहे, तिथे तिला स्वतःचा चेहरा स्वतः ठरवणारा माणूस दिसला. सही नाही, पुरावा परिस्थितीजन्य, हा आक्षेप रास्तच आहे. पण मुलाच्या नावाची नोंद करताना एवढा काटेकोर पुरावा कुणी मागितला होता? हजारो चेहरे कापणाऱ्या हाताला पहिला मान मिळायला हवा होता.

१८३९ नंतर फोटोग्राफी आली आणि हा धंदा ओसरला. १९९४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये एका कृष्णवर्णीय चित्रकर्तीने गुलामगिरीचा इतिहास भिंतभर काळ्या कागदात मांडला, तेव्हा सिल्हूटकडे नव्याने पाहणे सुरू झाले. २०१८ च्या वॉशिंग्टनमधील प्रदर्शनात तर १७९६ मध्ये विकल्या गेलेल्या फ्लोरा या गुलाम तरुणीची छायाकृती आजच्या कलावंतांच्या कामांसोबत मांडली गेली. काही संग्रहांनी आता नोंदी बदलून ‘बहुधा मोझेस विल्यम्स’ असे लिहायला सुरुवात केली आहे.