रेड डॉट आणि होलोग्राफिक साइट : रायफलीच्या नेमावरील परिणाम

रेड डॉट साइट आणि होलोग्राफिक साइट ही रायफलीवर बसवायची, नेम धरण्याची पण लक्ष्य मोठे करून न दाखवणारी साधने आहेत. नेमबाजाला समोरच्या दृश्यावर एक उजळ ठिपका किंवा चक्र दिसते. ते लक्ष्यावर टेकवले की नेम लागतो. यांच्यामुळे रायफलच अधिक अचूक होते, हा समज चुकीचा आहे. नळी आणि काडतूस यांमुळे गोळ्यांची जी मूळची पांगापांग होते, तिच्यात साइटमुळे काडीचाही फरक पडत नाही. कमी होते ती डोळ्याकडून होणारी चूक.

साध्या रायफलीवर बॅकसाइट (डोळ्याजवळची खाच), फोरसाइट (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. त्या तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. म्हणून शिकाऊ नेमबाजाला फोरसाइट स्पष्ट आणि लक्ष्य धूसर ठेवायला शिकवतात. दोन साइटमधले अंतर ५०० मिलिमीटर असेल आणि फोरसाइट अर्धा मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. अर्धा मिलिमीटर घाईत कळतही नाही. रेड डॉटमध्ये ही जुळवाजुळवच उरत नाही. ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, नजर लक्ष्यावर राहते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागलेल्या नेमबाजाला याचा फायदा सर्वाधिक होतो.

या साधनामागची कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती जर्मन लढाऊ विमानांवर आली आणि दुसऱ्या महायुद्धात बहुतेक लढाऊ विमानांत रुळली. रायफलीवर टिकेल असे बॅटरीवर चालणारे रूप स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणले. त्यात एक एलईडी अंतर्वक्र काचेच्या नाभीपाशी बसवलेला असतो. काचेवरचा लेप लाल रंगाचा अरुंद पट्टा तेवढा परावर्तित करतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. एलईडीचे किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात, म्हणून ठिपका दूरवर असल्यासारखा भासतो.

होलोग्राफिक साइटची रीत निराळी आहे. तिच्या काचेत नेमचिन्हाचा होलोग्राम, म्हणजे लेसरने नोंदलेली त्रिमिती प्रतिमा, असतो आणि लेसर डायोडच्या प्रकाशाने तो जागा होतो. अशी पहिली साइट १९९६ च्या सुमारास अमेरिकेत मिशिगनमधल्या संशोधनातून आली. पुढे इओटेक या कंपनीचे नाव तिच्याशी जोडले गेले. होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात पूर्ण चिन्ह असते, त्यामुळे काच तडकली किंवा अर्धी चिखलाने झाकली तरी चिन्ह दिसत राहते. लेसरला वीज मात्र जास्त लागते. एमपॉइंटच्या काही साइट एका बॅटरीवर ५०,००० तास चालतात, तर होलोग्राफिक साइटचा हिशोब साधारण काही शेकडो ते दोन-अडीच हजार तासांचा असतो.

पराशयाबद्दल विक्रेते सढळ हाताने बोलतात. डोळा मध्यरेषेपासून हलला की ठिपका लक्ष्यावरून किती सरकतो, तो पराशय. किरण पूर्ण समांतर असते तर ही चूक डोळा जितका सरकला तितकीच राहिली असती. म्हणजे २० मिलिमीटर रुंद काचेत फार तर १० मिलिमीटर, मग लक्ष्य कितीही दूर असो. प्रत्यक्षात वक्र काचेच्या दोषामुळे कडेचे किरण किंचित वाकडे येतात आणि ती चूक अंतराबरोबर वाढत जाते. ‘पराशयमुक्त’ लिहिलेल्या साइटमध्येही ठिपका काचेच्या मध्याजवळ ठेवणेच शहाणपणाचे.

बारीक नेमाची खरी मर्यादा ठिपक्याच्या आकारात आहे. हा आकार एमओए या एककात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात सांगतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. २ एमओएचा ठिपका ५० मीटरवर जवळजवळ ३ सेंटिमीटर जागा झाकतो. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे असा ठिपका दहाचे वर्तुळच गिळून टाकेल. त्या प्रकारात दुर्बिणी व विजेवरचे ठिपके नियमानेच वर्ज्य आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला मिळवलेले कांस्यपदक गोल छिद्राच्या साइटवरचे आहे. स्थिर लक्ष्य, भरपूर वेळ आणि कसलेला नेमबाज असेल तर छिद्राची साइट ठिपक्याला भारी पडते. लक्ष्य हलते, अंतर कमी-जास्त होते किंवा शरीर वेडेवाकडे असते, तेव्हा रेड डॉट पुढे जाते. होलोग्राफिक साइटमधले १ एमओएचा ठिपका आणि भोवती सुमारे ६८ एमओएचे चक्र ही जोडी याच कामासाठी आहे: जवळच्या घाईत चक्र, लांबच्या नेमात ठिपका.

ठिपका गरजेपेक्षा उजळ ठेवला तर तो फुगून मोठा दिसतो आणि लांबचा नेम बिघडतो. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असणाऱ्यांना तो फाटलेला किंवा शेपटीसारखा दिसतो. अशा वेळी साइट परत करण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. तिथे ठिपका गोल दिसला तर दोष डोळ्याचा आहे.

तापमानाचा प्रश्न होलोग्राफिक साइटमध्ये अधिक बिकट. लेसरची तरंगलांबी उष्णतेने बदलते, होलोग्राममधून बाहेर पडणाऱ्या किरणांची दिशाही ढळते. ते सावरायला आत किरण वळवणारी, बारीक रेघांची वेगळी जाळी बसवावी लागते. कडाक्याच्या थंडी-उन्हात नेम सरकतो हे ठाऊक असून लपवले, असा आरोप अमेरिकी सरकारने इओटेकवर केला आणि २०१५ मध्ये तिच्या मालक कंपनीने २.५६ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. म्हणून तापमान खूप बदलले की साइट पुन्हा शून्यावर लावून घ्यावी, म्हणजे गोळी लागते तिथेच ठिपका येईल अशी जुळवून घ्यावी.