पायाखाली येईपर्यंत न उडणारा पक्षी

हिवाळा सरू लागतो तसं नाथसागराचं पाणी मागे हटतं आणि पैठण-गंगापूरकडे उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर सुरू होते. पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या दुर्बिणी तेव्हा रोहित पक्ष्यांवर खिळलेल्या असतात. काठच्या गवतात बसलेल्या पाणलाव्याकडे, म्हणजे इंग्रजीतल्या स्नाइपकडे, सहसा कुणाचं लक्ष जात नाही, आणि त्यालाही तेच हवं असतं. पाठीवरच्या फिकट पिवळसर रेघा वाळल्या गवतात अशा मिसळतात की माणूस अगदी जवळ आला तरी तो हलत नाही. मग एकदम कर्कश ओरडून नागमोडी उडत निघून जातो.

याच कुळातला एक भाऊबंद हिमालयात राहतो, वुड स्नाइप. काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे नेपाळ दरबारातला ब्रिटिशांचा प्रतिनिधी, असलेल्या ब्रायन हॉजसनने १८३६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. झाडांची हद्द संपते त्याच्या आसपास आणि वर, साधारण ३,००० ते ५,००० मीटरवर, झुडपं विखुरलेल्या दलदलीच्या कुरणांत तो उन्हाळ्यात वीण करतो. जगात तो दहा हजारांहून कमी असावा असा अंदाज आहे आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. अंदाजच म्हणायचा, कारण जो दिसत नाही त्याला मोजणार कसं? मोजणी बरीचशी कानांनी होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला नर कुरणावर घिरट्या घालत ओरडतो, तेव्हाच त्याचा पत्ता लागतो.

त्याच्या शरीराची घडण समजून घ्यायला मात्र हिमालय चढायची गरज नाही, आपला पाणलावाही त्याच साच्यातला आहे. सहा-सात सेंटिमीटरची सरळ चोच तो मुळापर्यंत चिखलात खुपसतो. आत काही दिसत नाही, म्हणून चोचीच्या टोकाशी बारीक खळग्यांमध्ये स्पर्शाची संवेदनाकेंद्रं दाटलेली असतात. गांडूळ लागलं की चोच बुडाशी मिटलेलीच राहते आणि वरच्या चोचीचं फक्त टोक वर उचललं जातं, जसं चिमट्याचं. लहान भक्ष्य तर तो चोच बाहेर न काढताच गिळतो.

पण मान खाली घालून जेवणाऱ्याला शिकारी पक्ष्याची भीती असतेच. म्हणून त्याचे डोळे डोक्यावर बरेच वर आणि मागे सरकलेले असतात. चिखलात चोच असतानाही त्याला जवळपास चहूबाजूंचं दिसतं. माझ्या मते पिसाऱ्याचं कौतुक जरा कमी करून या डोळ्यांचं करायला हवं.

असं शरीर घेऊन जगायचं तर मऊ, ओली जमीन हवीच. कुरणात याकांची चराई वाढली किंवा हिवाळी मुक्कामाची पाणथळ जागा बुजवली की वुड स्नाइपची पंचाईत होते. थंडीत तो मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याशी उतरतो, थोडे दक्षिण भारतातल्या डोंगरांतही पोचतात. मराठवाड्याच्या सपाटीवर तो भेटेल अशी आशा धरू नये.

इथे उडालेला पाणलावा बहुधा दोनपैकी एक असतो. पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी रेघ दिसली तर कॉमन स्नाइप. ती नसली तर सैबेरियाहून आलेला पिनटेल स्नाइप असू शकतो. त्याच्या शेपटीच्या कडेची पिसं टाचणीसारखी अरुंद असतात, पण ती पाहायला शेपूट पसरल्या क्षणीचा फोटोच हवा.