आयकॅनकडे तक्रार करण्याआधी हे वाचा

ऑनलाइन दुकानाने पैसे घेतले आणि माल पाठवला नाही, किंवा एखाद्या साइटवर बदनामी झाली, की ‘आयकॅनला सांगून ते डोमेन (साइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता) बंद करा’ अशी मागणी आमच्याकडे येते. आयकॅन या जागतिक संस्थेला तो अधिकारच नाही. डोमेन नावं आणि आयपी पत्त्यांची (इंटरनेटवरच्या उपकरणांच्या क्रमांकांची) व्यवस्था स्थिर आणि सुरक्षित ठेवणं एवढंच तिचं काम. साइटवरच्या मजकुराचं नियमन करायचं नाही, हे १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या तिच्या उपविधींतच आहे. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, डोमेन किती रुपयांना विकावं, हेसुद्धा ती ठरवू शकत नाही.

जून २०२४ मध्ये हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आला. नव्या एक्स्टेन्शनसाठी (डॉट कॉमसारख्या शेवटच्या भागासाठी) अर्ज करणाऱ्यांनी मजकुरावर बंधनं घालायची हमी दिली, तर ती त्यांच्या आयकॅनशी होणाऱ्या करारात घ्यायची का? आयकॅनचं संचालक मंडळ नाही म्हणालं. आमच्या मते योग्यच झालं. असं एक कलम करारात शिरलं की पुढची दहा मागणारे रांगेत उभेच असतात.

फिशिंग (बनावट पानावर माहिती चोरणं), मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), बॉटनेट (ताबा घेतलेल्या उपकरणांचं जाळं), फार्मिंग (खऱ्या पत्त्यावरून गुपचूप बनावट साइटवर नेणं) आणि यांचा प्रसार करणारा स्पॅम (नको असलेले ढीगभर संदेश) यांचं मात्र वेगळं आहे. ठोस पुरावा मिळाल्यावर कारवाई करणं ५ एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रारवर आयकॅनशी असलेल्या करारानेच बंधनकारक आहे. तक्रार आधी रजिस्ट्रारच्या अब्यूज पत्त्यावर (गैरवापराच्या तक्रारींसाठीच्या पत्त्यावर) करा; दाद मिळाली नाही तरच आयकॅनकडे जा. नुसतं डोमेन कळवू नका. पूर्ण लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि ईमेलचा पूर्ण हेडर (तो कुठून कसा आला याची तांत्रिक नोंद) जोडा. पान कोणत्या फोनवर उघडलं तेही लिहा: काही बनावट पानं फक्त मोबाइलवर दिसतात, तपासणाऱ्याला संगणकावर कोरं पान दिसतं आणि तक्रार बंद होते.

तुमचा ट्रेडमार्क कोणी डोमेनमध्ये वापरला असेल, तर यूडीआरपी, म्हणजे डोमेन नावांचे वाद सोडवण्याची आयकॅनची पद्धत. नाव फसवं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झालेत, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. डोमेन तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं; नुकसानभरपाई मिळत नाही. डॉट इनचे वाद निक्सी या डॉट इन सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेच्या आयएनडीआरपी या तशाच पद्धतीखाली चालतात.

ट्रान्सफर कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा) मागून पाच दिवसांत मिळाला नाही, किंवा डोमेनची मुदत संपण्याआधी सुमारे महिनाभर आणि आठवडाभर अशी दोन स्मरणपत्रं आली नाहीत, तर आयकॅनकडे जरूर जा. पैशांची फसवणूक झाली असेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बदनामीच्या तक्रारीसाठी होस्टिंग कंपनी (साइट जिच्या सर्व्हरवर आहे ती), पोलीस किंवा न्यायालय.