फाटलेल्या कानाच्या पाळीची शस्त्रक्रिया

पाळीचं भोक ओघळून लांबलं किंवा पार खालपर्यंत फाटून पाळीचे दोन तुकडे झाले, की ती परत सांधायचं छोटं ऑपरेशन. कारण बहुतेक वेळा वजन. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जड झुमक्यांना केसात अडकवायचा वेल लावतात तो भार वाटून जावा म्हणूनच, पण कडेवरच्या पोरानं हिसका दिला की वेल काय करणार! बुगडीचं भोक वर कूर्चेत असतं, त्याचा विचार इथं नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 16 वा अध्याय याच विषयाचा आहे, त्यात पाळी जोडायचे 15 प्रकार दिलेत आणि त्यातले शेवटचे पाच असाध्य म्हणून सोडलेत. गंडकर्णात गालाचं मांस एका बाजूनं तसंच जोडलेलं ठेवून पाळीला लावायचं, म्हणजे आजच्या भाषेत फ्लॅपच. कडा खरवडून जोडायच्या, मध-तूप लावून कापसानं झाकायच्या आणि दोरा फार आवळायचा नाही, फार सैलही ठेवायचा नाही. काळाबद्दल मात्र एकमत नाही. प्राच्यविद्येचे अभ्यासक हर्न्ले सुश्रुताला इ.स.पू. 600 च्या आसपास नेतात, दुसरे लोक म्हणतात की हातात असलेली संहिता अनेक शतकांत थराथरानं झालीय, आणि हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

आता हे लोकल भूल देऊन होतं. भोक नुसतं ओघळलेलं असेल तर आतली कातडी काढून शिवतात. पूर्ण फाटलेल्या पाळीत कडा ताज्या करून सरळ रेषेत शिवलं तर व्रण आकसतो आणि खालच्या कडेला खाच पडते, म्हणून झेड-प्लास्टी (Z आकाराचा छेद घेऊन व्रणाची सरळ रेष मोडायची) करतात किंवा एक कड दुसरीवर चढवतात. भोक राखून शिवायचे प्रकारही आहेत, बू-चाय (1961) आणि पार्ड्यू (1973) या सर्जनांचे, पार्ड्यू फाटेच्या कडेचीच कातडी गुंडाळून भोकाला अस्तर करतात. पण ताण परत त्याच जागी येतो, त्यामुळं बरेच सर्जन पूर्ण बंद करून नंतर नवं भोक पाडणंच पसंत करतात.

टाके साधारण आठवड्यात निघतात. नवं भोक दीड ते तीन महिन्यांनी, व्रण सोडून बाजूला, ते सराफाकडं पाडलं तरी जागा डॉक्टरकडून खुणावून घ्यावी. अंगात केलॉइडची (जखमेचा व्रण वाढून जाड गाठ होण्याची) सवय असेल तर ते आधीच सांगायचं. टाके न घालता ॲसिड लावून जोडायची पद्धतही चालते, ती अर्धवट फाटलेल्या पाळीपुरती.