सर्ज मार्क की ब्रोमाइड ड्रॅग: निकाल निगेटिव्हवरच लावा

घरी डेव्हलप केलेल्या ३५ मिमी फिल्मवर काठापासून आत उतरणारे पट्टे दिसले की ‘टँक (फिल्म आणि रसायन भरायचे बंद भांडे) हळू हलवा’ हा सल्ला ठरलेलाच असतो, आणि पट्टे ब्रोमाइड ड्रॅगचे असतील तर त्या सल्ल्याने पुढचा रोल अधिकच बिघडतो.

टँक जोरात आणि एकाच लयीत हलवल्यास डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण) फिल्मच्या काठावरील छिद्रांतून वेगाने आत घुसतो व त्याच्या वाटेतला भाग जास्त डेव्हलप होतो; हा सर्ज मार्क बहुतेकांना ठाऊक असतो. ब्रोमाइड ड्रॅग मात्र कमी हलवल्याने होतो. सिल्व्हर ब्रोमाइडचे चांदीत रूपांतर होताना सुटलेले ब्रोमाइड डेव्हलपमेंट मंदावते, आणि टँक फार वेळ स्थिर राहिला तर ते दाट, म्हणजे निगेटिव्हवर अधिक काळ्या, भागाकडून खाली ओघळत जाते. त्यामुळेच रोडिनाल हा डेव्हलपर १:१०० इतका पातळ करून त्यात टँक तासभर जवळजवळ न हलवता ठेवण्याच्या पद्धतीत हा धोका मोठा असतो.

खरी गल्लत होते ती स्कॅन पाहून. स्कॅनमध्ये उजळ दिसणारा पट्टा निगेटिव्हवर दाट असतो, म्हणजे तिथे डेव्हलपमेंट जास्त झालेले असते. स्कॅनमध्ये काळसर दिसणारा पट्टा निगेटिव्हवर विरळ असतो, म्हणजे तिथे ते कमी पडलेले असते. ‘पट्टा पांढरा आहे’ एवढेच सांगून उपाय विचारणाऱ्याने तो स्कॅनमध्ये पांढरा आहे की फिल्मवर, हे सांगितलेले नसते, आणि उत्तर देणाराही ते विचारत नाही, याची मला मनापासून चीड येते. निगेटिव्ह लाइट टेबलवर (खालून उजेड देणाऱ्या पाटीवर) ठेवा आणि पट्टा शेजारच्या भागापेक्षा दाट आहे की विरळ, एवढेच पाहा. पट्ट्याची जागा ही दुय्यम खूण आहे: सर्ज मार्क छिद्रांच्याच अंतराने उमटतात, तर ब्रोमाइड ड्रॅग बहुधा दिव्यासारख्या प्रखर भागापासून सुरू होऊन टँकच्या तळाच्याच दिशेने जातो. परंतु टँकमध्ये फिल्म रिळावर गुंडाळून काठावर उभी असल्याने दोन्ही पट्टे फिल्मच्या रुंदीतच धावतात, म्हणून केवळ जागेवर विसंबू नये.

पट्टा दाट असेल तर जोर कमी करावा आणि प्रत्येक वेळी टँक थोडा फिरवून धरावा, म्हणजे प्रवाहाची दिशा बदलत राहते. पट्टा विरळ असेल तर अधिक वेळा हलवावे. फिल्म व रसायने बनवणाऱ्या इल्फर्डची पद्धत, म्हणजे दर मिनिटाच्या पहिल्या १० सेकंदांत टँक चारदा उलटवणे, मला सर्वांत भरवशाची वाटते. केवळ दांडीने रीळ गोल फिरवण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण त्यात द्रावण वर-खाली पुरेसे मिसळत नाही. टँक काठोकाठ भरल्यासही तेच होते: हवेला जागा उरत नाही आणि कितीही वेळा उलटवला तरी आतला डेव्हलपर फारसा हलत नाही.