शुक्राणूंची स्पर्धा: नावातला गुंता

लैंगिक निवडीची, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून प्राण्यांचे गुण घडतात ही, कल्पना १८७१ मध्ये सविस्तर मांडली गेली, पण ती मीलनापाशीच थांबली. जोडी जुळली की निवड संपली, असं पुढे जवळजवळ शंभर वर्षं धरून चाललं होतं.

ही समजूत १९७० मध्ये मोडली, ती शेणाच्या पोवर. पिवळ्या शेणमाशीचे नर ताज्या शेणावर मादीची वाट बघत बसतात. मीलन अर्ध्या तासाहून जास्त चालतं आणि त्यानंतरही नर मादीच्या पाठीवरून उतरत नाही. तिची अंडी घालून होईपर्यंत दुसऱ्या नरांना हटवत राहतो. का, ते मोजणीत कळलं: शेवटी आलेला नर सुमारे ८० टक्के अंडी फलित करतो. १९७९ मध्ये तर टाचणी या चतुरासारख्या कीटकाच्या एका जातीत नर आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून काढतो आणि मग आपले सोडतो, असं आढळलं.

‘स्पर्धा’ हे नाव १९७० मध्येच चिकटलं. दोन किंवा अधिक नरांच्या शुक्राणूंची एकाच मादीच्या अंड्यांसाठी चढाओढ, अशी व्याख्या झाली. या व्याख्येत मादी म्हणजे नुसतं मैदान. शेणमाशीच्या मादीच्या पोटात शुक्राणू साठवायच्या तीन-तीन पिशव्या असतात, पण बराच काळ त्यांच्याकडे कोठार म्हणूनच पाहिलं गेलं. १९८३ मध्ये ‘मादीची छुपी निवड’ हा शब्द आला, म्हणजे मीलनानंतर कुणाचे शुक्राणू वापरायचे हे मादी ठरवते, आणि वाद पेटला. एखाद्याचे शुक्राणू जिंकले ते जोमदार म्हणून, की मादीने राखले म्हणून? मादीची निवड सिद्ध करायची तर नराचा प्रभाव आधी वगळून दाखवा, अशी अट घातली गेली. उलट अट फारशी कुणी घातली नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. ‘छुपी’ हा शब्दही बघणाऱ्याच्या बाजूने बेतलेला. मादीच्या शरीरात काहीच लपलेलं नव्हतं, आपण पाहिलं नव्हतं. २००० मध्ये कोंबड्यांवरच्या निरीक्षणांत ते उघड दिसलं: खालच्या दर्जाच्या कोंबड्याने बळजबरी केली, तर कोंबडी त्याचं वीर्य बाहेर टाकते.

दरम्यान डीएनए चाचण्यांनी पक्ष्यांच्या एकनिष्ठ समजल्या गेलेल्या जोड्यांच्या घरट्यांत परक्या नरांची पिल्लं दाखवली होती, म्हणजे तिथेही एका मादीसाठी एकाहून अधिक नरांचे शुक्राणू होतेच.

फळमाशीच्या एका जातीत शुक्राणू ५.८ सेंटिमीटर लांब असतो, माशीच्या शरीराच्या कितीतरी पट. इतकी लांबी कशासाठी, याचा धागा २००२ मध्ये तिच्या एका नात्यातल्या जातीत सापडला. मादीची शुक्राणू साठवणारी नळी जितकी लांब, तितके लांब शुक्राणू सरस ठरत होते.