खुलासा: गुडघे घट्ट आवळले की घोड्यावरून पडत नाही?

मोठेपणी घोडेस्वारी शिकायला आलेल्या बाईला हमखास मिळणारा सल्ला: 'गुडघ्यांनी खोगीर घट्ट धरा, पडणार नाही.'

सल्ला पटण्यासारखा आहे, कारण भीती वाटली की पाय आपोआप आवळतात. पण गुडघा दाबला की तोच खुंटीसारखा टेकू होतो. मांडीचे स्नायू ताठरतात, बैठक खोगिरावरून उचलली जाते, पोटरी मागे सरकते, टाच वर येते आणि धड पुढे कलते. अशा वेळी घोडा अचानक थांबला, तर स्वार थेट मानेवर! शिवाय पायांचा दाब काही घोड्यांना पुढे पळण्याची खूण वाटतो.

पडू देत नाही तो तोल. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत हवेत, वजन मांडीच्या आतून टाचेत उतरायला हवं. घोडा बुजला की क्षणभर पाय आवळले जाणारच. ते लगेच सोडता आले म्हणजे झालं.

पडताळा सोपा आहे. हेल्मेट घालून उभ्या घोड्यावर बसा, लगाम जाणत्या माणसाच्या हाती द्या. गुडघे जोरात आवळा: बैठक हलकी झालेली लगेच कळेल. आता सैल सोडा. गुडघा आणि खोगीर यांच्यात तळहात सरकायला हवा. मग साध्या चालीत बाजूने व्हिडिओ काढून टाच पाहा. दुडकीत (चालीपेक्षा वेगळ्या, उसळत्या धावेत) टाच सतत वर जात असेल, तर आधी रिकिबीची (खोगिराला टांगलेल्या, पाय ठेवायच्या कडीची) लांबी तपासा. पाय मोकळा लोंबता सोडल्यावर रिकिबीचा तळ साधारण घोट्याच्या हाडाशी यावा. फार लांब रिकीबही टाच वर ओढते.